तिसऱ्या ओळीतलं बरोबर

मोरीत तांब्या घरंगळला आणि दुपारची शांतता फुटली. पुनमनं आधी दाराची कडी पाहिली.

"मी नाई पाडला, आई," चिमी म्हणाली. "त्याचा तोच पडला."

"असू दे, राजा. खिडकीपाशी तेवढी जाऊ नको."

नवऱ्याच्या, अतुलच्या मारातून सुटून लेकीला घेऊन ती पोंभुर्ण्याला आली, त्याला वर्ष होत आलं. लटारूभाऊंच्या क्लासमागची खोली मिळाली, ती क्लासची गणिताची पुस्तकं संगणकावर जुळवून द्यायच्या बोलीवर. हे काम ती अतुलच्याच छापखान्यात शिकली होती.

"कमळाबाई!" बाहेरून लटारूभाऊ ओरडले. इथं तिचं नाव हेच होतं. "सांजेपर्यंत पुस्तक नाई झालं, तं दुसरा मानूस पाहातो मी. मंग खोलीबी त्यालेच लागन."

"करून राह्यली नं, भाऊ."

"आन् तुमचे मालक? येनार हायेत का नाई कधी?"

ती पुन्हा संगणकाकडे वळली.

पडद्यावर एका समीकरणाच्या पाच ओळी होत्या. बरोबरची चिन्हं एकाखाली एक यायला हवीत. तिसऱ्या ओळीतलं मात्र डावीकडे सरकून बसलेलं. सकाळपासून तिनं नाना उपाय केले, ते हटेना.

आधार एकच, सत्यशीलाताई. अक्षरजुळणीवाल्यांच्या ग्रुपवर भेटलेल्या. घसा बसलाय म्हणून त्या कधी फोन करत नसत, पण लिहून इतक्या मायेनं समजावत की पुनमला माहेर आठवे. काल त्या म्हणाल्या होत्या, 'तुकडा नको गं, अख्खी फाईल पाठव.' तिनं पाठवली. प्रत्येक पानाच्या तळाशी क्लासचा पत्ता होता, तो तसाच गेला.

मोबाइल थरथरला. 'आत्ताच बसमधून उतरले. बघते हं.'

थोड्या वेळानं पुन्हा. 'अगं, तुझी तीच जुनी खोड! जुळणीची खूण चिन्हाच्या आधी हवी, तू नंतर दिलीस.'

पुनमनं खूण हलवली. चिन्ह टुपकन जागेवर आलं. पाचही ओळी सरळ. खोली वाचली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

'ताई, देवासारख्या धावून आलात,' तिनं लिहिलं. 'एकदा भेटायचंय तुम्हाला.'

उत्तर येत असल्याचे तीन ठिपके नाचू लागले.

"आई," चिमी टाचा उंचावून खिडकीशी उभी होती. "बाबा फाटकात मोबाइलवर लिहून राह्यले. त्याईले आपलं घर कोनं सांगितलं?"