कॉफी पिऊन उठायचं

"चपला कसल्या काढतेस म्हातारे? हे देऊळ नाय," काउंटरमागची बाई खेकसली. "आन् ती पोरगी आवर. काचेला हात लावतेय."

भागूबाईनं दारात काढलेल्या चपला परत पायात सरकवल्या. सेजलला मागं ओढलं आन् दोन्ही नातवंडं कडेच्या टेबलाला नेऊन बसवली.

पोलादपूरचा स्टँड सोडला की हायवेला लागूनच हे कॉफी शॉप. शिमग्याच्या आधी उघडलेलं. मालक मुंबईत कमवून आलेला. गोव्याला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, चष्मेवाली माणसं उतरायची. धनगरवाड्यावरचं माणूस तिथं कशाला चढतंय?

पण अनिलला उद्या महाडच्या वसतिगृहात टाकायचा होता. मग दिवाळीपातूर पोरगं काय डोंगर चढणार नव्हतं. जायच्या आधी एकदा पोरांना इथं बसवायचंच, हे म्हातारीनं मनात धरलेलं. दोन तास उतरून आले तिघं. वाटेत तिनं दमही भरला होता, "आत तोंड उघडायचं नाय. कोण काय बोललं तरी मान खाली."

"काय पायजे?" बाई टेबलाशी आली.

"तीन कॉफ्या."

"एवढ्याशा पोरीला कॉफी? रातभर डोळे टकाटका उघडे ठेवील. दूध देते तिला."

दूध आणलं ते तिथंच उभं राहून या पेल्यातून त्या पेल्यात ओतत बसली. वरची साय बोटानं काढली. "ओकली तर फरशी मलाच पुसायला लागंल."

मग तिची नजर अनिलच्या पायांवर गेली. अनवाणी, घोट्यापातूर धुरळा.

"बघा! सगळी फरशी घाण केली." फडकं घेऊन ती खाली बसली. फरशी पुसली आन् त्याच फडक्यानं पोराचे पायही खसाखसा पुसून काढले. अनिल खाली मान घालून बघत राहिला.

एरवी भागूबाईच्या जिभेला सगळा वाडा टरकून असायचा. ग्रामसेवकाला तिनं एकदा पार ओढ्यापातूर पळवला होता. आज मात्र तोंडाला कुलूप.

गल्ल्यावरून मालक ओरडला, "ज्योती, त्यांना बाहेर बाकड्यावर बसव. लक्झरी येईल आता."

"बाहेर नको. पोरं हायवेवर पळाली, गाडीखाली आली, तर पोलीस आपल्याच दारात."

मालकाला ते पटलं. माणूस तसा वाईट नव्हता, नुसता बोलघेवडा. पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "काय म्हातारे, आईबाप कुठं पोरांचे?"

"बाप कशेडीत गेला. ट्रक दरीत पडला त्याचा."

"अरेरे. आणि आई?"

भागूबाईनं कॉफीचा घोट घेतला. कडू जहर होती. "पाट लावून दिला तिच्या भावांनी. लांब दिलीय."

"पोरं टाकून गेली?"

"टाकून कशी? पोरं बापाच्या घराची. रीतच हाय तशी आमच्यात."

"रीत कसली! काळजाचा दगड पायजे त्याला. आपण नसतं बाबा जमवलं. काय गं ज्योती?"

ज्योतीनं साखरेच्या डब्याचं झाकण दाणकन लावलं. "झाली ती पंचाईत पुरे. म्हातारे, आटप लवकर. टेबल अडलंय."

तेवढ्यात लक्झरीचा हॉर्न वाजलाच. ज्योतीनं सेजलच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला, पदरानं तिचं तोंड रगडून पुसलं आन् म्हणाली, "दूध सांडून घेतलंय अंगावर. उठा, उठा आता."

भागूबाई उठली. पैसे दिले. पोरांचे हात धरून पायऱ्या उतरली. मागं वळून कोणी बघितलं नाय.

तिघं गुमान चालत राहिली. मोठं वळण आलं, दुकान झाडांमागं गेलं. तिथं भागूबाई थांबली. गुडघ्यावर हात टेकून दम खाल्ला.

"हां. आता बोला काय ते."

अनिल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "आज्ये, आये लय बारीक झालीय गो."