बाद दोर

"हा दोर बाद करावा लागेल, सर," तपासणीला आलेली वसुधा म्हणाली. "आवरण फाटून आतले धागे दिसताहेत. तो कापल्याशिवाय शिबिराच्या परवान्यावर मला सही करता येणार नाही."

"अगं, याच दोरावरून तुला कडा उतरायला शिकवलं मी. किती रडली होतीस!" लाटकर सर हसले. "आणि उद्या पोरं येणार. नवा दोर आता कुठून आणू? थांब, मीच उतरून दाखवतो."

"नको, सर."

पण सरांनी कमरेचा पट्टा आवळलासुद्धा. दोर झाडाला बांधून, दरीकडे पाठ करून ते कड्याच्या टोकाशी उभे राहिले. आता फक्त मागे झुकायचं होतं. दर उन्हाळ्यात इथेच उभं राहून ते पोरांवर ओरडायचे, "कशालाही धरू नका! सगळा भार दोरावर टाका!"

सर झुकले नाहीत. त्यांचा डावा हात शेजारच्या करवंदीच्या जाळीत शिरला होता. काटे रुतून रक्त आलं, तरी मूठ सुटत नव्हती. वसुधाने ते पाहिलं. मग सरांनीही आपल्या हाताकडे पाहिलं.

"हात दे गं," ते हळूच म्हणाले.

कड्यापासून आत आल्यावर ते दगडावर बसले.

"मागच्या मे महिन्यात सगळी पोरं मी यावरूनच उतरवली, वसुधा."

तिने चाकू काढला. सरांनी दोर दोन्ही हातांनी ताणून धरला.