बाबांना थंडी सोसत नाही

बाबांचा आवाज आता फक्त त्या हार्ड डिस्कमध्ये उरला होता, आणि ती काही केल्या सुरू होत नव्हती. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. "एक शेवटचा उपाय आहे," तो म्हणाला. "पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. कधीकधी जाग येते."

घरी येऊन मी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घातली, सगळी हवा दाबून काढली, तोंड घट्ट बंद केलं आणि पिशवी बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली.

"तिथे नको गं," आई म्हणाली. "यांना थंडी सोसत नाही."

"आई, डिस्क आहे ती."

बाहेर ऊन रखरखत होतं. पंख्याखाली माझा डोळा लागला.

उठून फ्रीजर उघडला, तर पिशवी फुगली होती आणि तिच्यावर आतून वाफ धरली होती. मी बघत असतानाच वाफ विरली, पिशवी चपटी झाली. मग सावकाश पुन्हा फुगली. जेवण झाल्यावर बाबा खुर्चीत डुलकी घ्यायचे, तेव्हा त्यांचं पोट असंच हलायचं.

आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. तिनं पिशवी उचलली, छातीशी धरली आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. हळूहळू पिशवी हलायची थांबली.

"बघ, कसे निवांत झाले," आई म्हणाली.

त्या तापलेल्या खोलीत तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून पांढरी वाफ निघत होती.