मऊ पाटे

गतिरोधक दिसला तशी यमुनाबाईने एका हाताने दाराचं हँडल धरलं, दुसऱ्या हाताने सीट धरली आणि श्वास रोखला.

पिकअप वर चढली आणि दाणकन खाली आली. ऑपरेशन झालेल्या मणक्यातून कळ निघाली ती थेट टाळूपर्यंत गेली. बिबवेवाडीतले गतिरोधक गती रोखायला बांधतात की माणसांची हाडं मोजायला, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. पण आजची कळ काही निराळीच होती. ऑपरेशनच्या आधीसुद्धा या गाडीने तिला एवढं हाणलं नव्हतं.

"कशी वाटली?" उत्तरेश्वरने विचारलं. पहिली भाकरी थापलेली पोर जशी आईकडे बघते, तसा तो बायकोकडे बघत होता.

"लई मऊ झाली," यमुनाबाई म्हणाली. "गादीवर बसल्यावानी वाटतंय."

त्याचा चेहरा फुलला.

कैक वर्षं दोघं याच गाडीतून पहाटे लोणी काळभोरला जायची, शेतावरून भाजी भरायची आणि इथल्या सोसायट्यांच्या फाटकाशी उभी राहून विकायची. तो गाडी चालवायचा, ती तोंड चालवायची, आणि धंदा तिच्या तोंडावर चालायचा. मग मणका गेला. डॉक्टर म्हणाले, हिंडाफिरा, पण धक्के नकोत. आता रिकाम्या पिकअपमध्ये धक्क्यांशिवाय दुसरं असतं काय? तेव्हापासून ती घरात चार भिंतींशी बोलत होती आणि तो एकटाच फेऱ्या मारत होता.

म्हणूनच आज त्याने श्यामसुंदरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली होती. ज्या लोखंडी पाट्यांवर गाडी तोललेली असते, ते कंपनीचे कडक पाटे काढून बाहेरचे मऊ पाटे आणि नवे शॉकॲब्सॉर्बर बसवून आणले होते. महिनाभर त्याच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की गाडी आणखी कडक झाली म्हणून? शिवाय सांगितलं, तर पुन्हा त्या चार भिंती होत्याच. दात आवळून सोसायचं, असं तिने ठरवून टाकलं.

पुढचा गतिरोधक आला. "मऊ हाय," तिने न विचारताच सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. उत्तरेश्वरने स्पीकर लावला.

"उत्तरेश्वरराव, असाल तिथे गाडी थांबवा," श्यामसुंदरचा आवाज आला. "गाढवपणा झालाय माझा. मऊ जोड इथे फळीवर तसाच पडलाय. तुम्हाला मी लोडवाला बसवून दिला."

"म्हंजी?"

"म्हणजे आधीपेक्षा कडक. अहो, पिकअपवाला आला की हात आपोआप तिकडेच जातो. आजवर जो आला तो माल जास्त भरायचाय म्हणूनच आला. मऊ करून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच. वहिनींना बसवलं नाहीत ना त्यात?"

उत्तरेश्वरने गाडी कडेला घेतली.

"गादी म्हनं," तो म्हणाला.

"मग काय सांगू? तोंड बघायचं हुतं तुमचं."

"मला बी कळलं हुतं की. स्टेअरिंग हातातनं उडत हुतं." त्याने मान खाली घातली. "पर तू मऊ म्हनलीस. म्हनलं, हिला बरं वाटतंय, तर आपण कशाला बोला."

यमुनाबाईला हसू आवरेना. हसताना पाठ दुखत होती, तरी ती हसत होती.

गॅरेजच्या दारात श्यामसुंदर खुर्ची मांडून उभाच होता. खुर्चीवर त्याने स्वतःची उशी टाकली होती. "चूक माझी, चहा माझा," एवढं बोलून तो गाडीखाली शिरला आणि दुसऱ्या कुणालाही त्याने पान्याला हात लावू दिला नाही. काम संपवून बाहेर आला तेव्हा हात पुसत म्हणाला, "एक सांगून ठेवतो. या पाट्यांवर पूर्वीइतका माल भरायचा नाही. भरलात तर परत इथेच याल, आणि तेव्हा चहा मिळणार नाही."

"मागं कमी भरू," उत्तरेश्वर म्हणाला. "पुढची सीट रिकामी नको."

यमुनाबाईने चहाचा कप ओठांपाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. या माणसाने लग्नापासून तिला कधी गजरा आणला नव्हता, की दोन गोड शब्द बोलला नव्हता. आपल्या पदरात काय पडलंय हे तिला आत्ता लख्ख दिसलं. तिने मनातल्या मनात हात जोडले. त्यात थोडा वाटा श्यामसुंदरचाही होता. तो गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं?

घरी जाताना उत्तरेश्वरने मुद्दाम ड्रेनेजसाठी खोदून ठेवलेली गल्ली धरली. खड्डा आला. गाडी हलकेच खाली गेली, वर आली आणि पुढे निघाली. पुन्हा एक खड्डा, मग खडीचा ढीग. यमुनाबाईने कळेची वाट बघितली. कळ आलीच नाही. डोळे मात्र भरून आले.

उत्तरेश्वरने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"इचारा की," ती म्हणाली.

"नगं. तू खोटं बोलतीस."

यमुनाबाईने पदराने डोळे पुसले.

"उद्या लोणीला मला झोपेत टाकून गेलात," ती म्हणाली, "तर याद राखा."