अठ्ठेचाळीस घरटी

"अठ्ठेचाळीस घरटी, म्हणजे अठ्ठेचाळीस शेकरं!" शेकरांच्या मोजणीला आलेल्या साहेबांनी तक्त्यातलं 'धोक्यात' खोडून पेन्सिलीने 'सुरक्षित' लिहिलं. आता या रानाची राखण बंद होणार होती.

वनरक्षक बुधा गवारीची उभी हयात मान वर करून घरटी मोजण्यात गेली होती. तो म्हणाला, "साहेब, एक शेकरू सहा-सहा घरटी बांधतं. राहतं एकातच."

"खारीच्या कुळातलं जनावर ते. एवढी घरं कशाला बांधेल?"

बुधाने जरा विचार केला. "साहेब, मघाशी चढताना तुम्ही तुमच्या चार फ्लॅटांचं सांगत होतात."

"मग?"

"राहता कितीत?"

 साहेबांनी खोडरबर काढून अठ्ठेचाळीसचे आठ केले, 'सुरक्षित' पुसून पुन्हा 'धोक्यात' लिहिलं आणि हळूच म्हणाले, "रिकाम्या घरांची नोंद मात्र कुठे करू नकोस."