यादीतला पाचवा

फाइल पुन्हा एकसष्ट टक्क्यांवर अडकली. लुबना पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे पाहत राहिली. पट्टी हलायचं नाव घेईना. मग खाली अक्षरं उमटली, संपर्क तुटला. तीन वाजल्यापासून हे तिसऱ्यांदा झालं होतं.

खाली बैठकीत खुशालराव बसले होते. परतवाड्याहून मुलाला घेऊन आले होते, आणि लग्नाची फिल्म घेतल्याशिवाय आज उठणार नाही असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. उद्या त्यांची मुलगी नवऱ्याबरोबर मस्कतला निघायची होती. दोन तारखा आधीच चुकल्या होत्या. लुबनाच्या नवऱ्याने, हसनैनने, लग्न शूट केलं होतं आणि आज तो अमरावतीला दुसऱ्या लग्नात होता. फोन उचलत नव्हता. ही तारीख चुकली तर परतवाड्याकडचं एकही लग्न यापुढे मिळणार नाही, एवढं लुबनाला कळत होतं.

काम म्हटलं तर पोराच्या हातचं. माडीवरच्या कॉम्प्युटरवर फिल्म तयार होती. पण त्या म्हाताऱ्या मशीनची पेन ड्राइव्ह लावायची सगळी भोकं निकामी झालेली. म्हणून फिल्म घरातल्या वायफायवरून खालच्या कॉम्प्युटरवर न्यायची आणि तिथून पेन ड्राइव्हमध्ये भरायची. आधी मधे वायर होती, ती उंदरांनी कुरतडली. नवी वायर हसनैन आणणार होता. गेले पंधरा दिवस तो ती आणतच होता.

लुबनाने सुचेल ते करून पाहिलं. राउटर बंद करून चालू केला. कूलरच्या लोखंडी पेटीपासून दूर, जिन्यात नेऊन ठेवला. मग कूलरच बंद केला. खुशालराव खाली रुमालाने वारा घेऊ लागले, वर लुबनाच्या हनुवटीवरून घाम कीबोर्डवर पडू लागला. फाइलचे चार तुकडे केले, तर पहिलाच तुकडा मेला. सकाळी हेच वायफाय कसं सुसाट पळायचं. दुपारचे तीन वाजले की त्याच्या अंगातून जीवच जायचा. काल तेच, परवाही तेच. आपल्याच घरातली एक वस्तू माडीवरून खाली नेता येत नाही, या विचाराने तिला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

शेवटी तिने राउटरची यादी उघडली. घरातलं काय काय जोडलेलं आहे ते त्यात दिसतं. दोन कॉम्प्युटर, तिचा फोन, सासूचा फोन. चार. यादीत पाच होते.

पाचवा कुठला तरी मोबाइल होता. दूरवरून जेमतेम पकडलेला, आणि तोच सगळं ओढून घेत होता. लुबनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीतलं कोणीतरी ऐदी फुकटात सिनेमे पाहत पडलं असणार, आणि इथे आपल्या इज्जतीचं भरीत. तिने त्याला यादीतून हाकललं. पासवर्डही बदलला, म्हणजे पुन्हा यायला नको.

फाइल पाण्यासारखी वाहिली. पंचवीस मिनिटांत खाली, पुढच्या दहा मिनिटांत पेन ड्राइव्हमध्ये. खुशालरावांनी पाच मिनिटं पाहून खात्री केली, मुलीच्या पाठवणीपाशी डोळे पुसले आणि लुबनाला म्हणाले, "पोरी, तुह्या हातचं काम लय साफ हाय." ते गेल्यावर तिने कूलर लावला आणि त्याच्यासमोर डोळे मिटून बसली. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचा अभिमान वाटला.

तेवढ्यात मागच्या दाराने सासू आली. नसीमबानोने विचारलं, नेट गेलं का. लुबनाने हसत सांगितलं, गेलं नाही, एक चोर होता, त्याला हाकललं.

नसीमबानोने दारातून समोरच्या घराकडे पाहिलं. समोरच्या शालूला पासवर्ड तिनेच दिला होता. शालूच्या फोनमध्ये रिचार्ज नसायचा. दारच्या रांजणातलं पाणी आणि घरातलं नेट नसीमबानोच्या लेखी सारखंच. मागेल त्याला द्यायचं, त्यात सुनेला काय सांगायचं?

"सिनेमे नाही पाहत ती," नसीमबानो म्हणाली. "तिचा भाऊ हाय हिवरखेडले, मनोज. दोन वर्सं कपाशी गेली, तवापासून जीव द्यायच्या गोष्टी करून राहिला. मागच्या महिन्यात वेळेवर धरला म्हणून हाय. तीन ते पाच त्याची बायको मजुरीले जाते, घरी दुसरं कोणी नसते. तेवढा वेळ शालू त्याले फोनवर समोर बसवते. आज दोनदा आली ती आपल्या दारात, म्या पाहिलं. बैठकीत परके माणसं दिसले, तशीच मागं फिरली."

लुबनाने आपला फोन उचलला आणि दाराकडे धावली. उंबऱ्यातच शालू उभी होती. तिने बैठकीत डोकावून पाहिलं, आणि खोली रिकामी दिसल्यावरच बोलली.

"भाभी, पावने गेले ना? आता तेवढं नेट लावून द्या. मनोजले म्हटलं होतं, माह्या नजरेसमोरून हलू नको."