एकसष्ट टक्के

“काका, आधी तो पाय हलवणं थांबवा,” इंजिनिअर बाई म्हणाल्या. “टेबल थरथरतंय.”

चुळबुळ्याने पाय आवरला. दोन मिनिटांत तो पुन्हा सुरू झाला. कंट्रोल रूममध्ये पंचवीस वर्षं काढली, पण बूड टेकवून स्वस्थ बसला असा दिवस नाही. त्याचं खरं नाव आता फक्त हजेरीच्या यादीत उरलं होतं.

समोरच्या पडद्यावर टाकी एकसष्ट टक्के भरलेली दिसत होती. आत कढत कॉस्टिक, अंगावर पडलं तर कातडी सोलून काढणारं. गेल्या महिन्यापर्यंत ही पातळी भिंतीवरचा काटा सांगायचा आणि त्याच्यापर्यंत टाकीवरून लांबलचक तार यायची. आता तार गेली. टाकीच्या माथ्यावर वीतभर अँटेना लागला आणि आकडा हवेतून येऊ लागला.

“बघा, कसा एका जागी उभा आहे,” बाई कौतुकाने म्हणाल्या. “तुमचा काटा सारखा साठ, बासष्ट, साठ करायचा.”

तेच तर त्याला खुपत होतं. एकीकडून भरतंय, दुसरीकडून उपसलं जातंय आणि पातळी तसूभर हलत नाही? पाऊण तास झाला होता. टाकीच्या जिन्यावर त्याचा मेहुणा कठड्याला रंग देत होता. ते काम चुळबुळ्यानेच शब्द टाकून मिळवून दिलेलं. मेहुण्याचा मोबाइल नियमाप्रमाणे गेटवर जमा होता, आणि टाकी ओतू गेली तर त्याच जिन्यावरून वाहणार होती.

“बाई, पंप बंद करतो.”

“पुन्हा? या आठवड्यात दोनदा उगाच बंद केलात. तिसऱ्यांदा केलंत तर गोदामात पाठवीन म्हणालेत साहेब. त्यात आज पाहुणे आलेत. लाल दिवा लागलाय का कुठे?”

दिवा लागला नव्हता. बटण दाबलं, तर गोदामात पोती मोजत निवृत्त व्हायचं. चुळबुळ्या उठला, बसला, पुन्हा उठला. मग त्याने पॅनेलवरचं लाल बटण तळहाताने दाबलं. तारेवर चालणारं तेवढंच शिल्लक होतं. पंप थांबला, पाठोपाठ सगळी लाइन थांबली. साहेबांचा फोन वाजू लागला, पण तोवर चुळबुळ्या टाकीकडे पळत सुटला होता.

धापा टाकत तो वर चढला. माथ्यावरचं झाकण उघडून त्याने आत डोकावलं. काठाला चार बोटं कमी. खालच्याच पायरीवर मेहुणा ब्रश घेऊन उभा होता.

“काय हो दाजी, चेहरा का उतरलाय?”

अँटेनाच्या जागी चुळबुळ्याला रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा दिसला, पालथा घातलेला.

“हे काय?”

“मीच झाकलंय. बाईंनी बजावलं होतं, नव्या यंत्रावर रंगाचा थेंबही पडता कामा नये.” मेहुणा खूश होता. “बघा, एक तरी पडलाय का?”

त्याला मिठी मारावी की थोबाडीत द्यावी, चुळबुळ्याला कळेना. त्याने डबा उचलला आणि मेहुण्याला दंडाला धरून खाली आणलं.

तो कंट्रोल रूममध्ये परतला तेव्हा पडद्यावर सत्त्याण्णव होतं. मग शहाण्णव, पुन्हा सत्त्याण्णव. फोन अजून वाजत होता. कोणी उचलत नव्हतं.

“संपर्क तुटला की शेवटचा आकडाच दिसत राहतो,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तसं झालं की लाल दिवा लागतो. मीच बंद केला होता. सारखा लागायचा.”

चुळबुळ्या शेजारच्या खुर्चीत बसला. टेबल थरथरत होतं. त्याने सवयीने आपला गुडघा हाताने दाबला. गुडघा स्वस्थ होता.